बायपोलर किशोरवय : निदानाचा वाद, उपचार आणि पालकांची जागा

किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला बायपोलर आजार असल्याचं डॉक्टर सांगतात, तेव्हा आईवडिलांच्या तोंडून बहुधा पहिला प्रश्न येतो तो असा : 'या वयात सगळीच मुलं अशी वागतात ना? मग हा आजारच कशावरून?' पालक सत्य नाकारताहेत, असं म्हणून हा प्रश्न बाजूला सारला जातो. ते योग्य नाही, कारण गेली तीस वर्षं जगभरचे बालमानसोपचारतज्ज्ञ नेमका याच प्रश्नावर वाद घालत आले आहेत. दुसरा प्रश्न पालक सहसा मोठ्याने विचारत नाहीत : 'आमचं काही चुकलं का?' त्याबाबतही या क्षेत्राचं मत गेल्या सत्तर वर्षांत पार बदललं आहे. हे दोन्ही वाद कुठून सुरू झाले, आज कोण काय म्हणतं आणि कशाचा निकाल अजून लागलेला नाही, ते इथे क्रमाने पाहू.

आजार आणि वय

बायपोलर आजारात मनाची स्थिती आणि अंगातली शक्ती दोन्ही बरोबरीने वर चढतात किंवा खाली उतरतात. चढाच्या काळाला मेनिया आणि त्याच्या सौम्य रूपाला हायपोमेनिया म्हणतात. त्यात विचार धावू लागतात, बोलणं थांबत नाही, स्वतःविषयी भलत्याच मोठ्या कल्पना येतात, पैसा आणि जीव दोन्ही पणाला लावणारं वागणं होतं. उताराचा काळ नैराश्याचा. प्रचलित निकषांनुसार मेनिया किमान एक आठवडा, हायपोमेनिया किमान चार दिवस आणि नैराश्य किमान दोन आठवडे टिकावं लागतं. किशोरवयात पुष्कळदा दोन्हींची सरमिसळ होते. मन पूर्ण काळवंडलेलं आणि अंगात मात्र शक्ती उसळलेली, अशी ही अवस्था असते. आत्महत्येचा धोका याच अवस्थेत फार वाढतो, म्हणून डॉक्टर तिला सर्वांत जास्त जपतात.

'वयाचा परिणाम' आणि 'आजार' यांतला फरक बघायला झोपेइतकी उपयोगी जागा दुसरी नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत बसणारा मुलगा सकाळी हाका मारूनही उठत नाही आणि रविवारी बारापर्यंत लोळतो. त्याला झोप हवीच असते, तो ती घेत नाही इतकंच. मेनियातला मुलगा तीन तास झोपतो आणि पाचला उठून कपाटातले सगळे कपडे खाली काढतो, आठला नव्या व्यवसायाची योजना वडिलांना समजावू लागतो आणि संध्याकाळपर्यंत थकत नाही. असं चार-पाच दिवस सलग झालं आणि ते त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळं असलं, तर डॉक्टरांकडे जायला तेवढं कारण पुरेसं आहे.

या आजाराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान दिलं ते जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी, 1899 मध्ये. पहिला झटका पंधरा ते वीस या वयात येणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि दहा वर्षांच्या आत तो अत्यंत विरळा, हे त्यांनीच नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे किशोरवयातला बायपोलर हा काही आधुनिक शोध नाही. पुढे 1960 मध्ये अँथनी आणि स्कॉट यांनी बालवयातल्या रुग्णांविषयीचं आधीचं सारं लेखन तपासलं, तेव्हा निकषांत बसणारी मुलं अगदी मोजकी निघाली. नंतर तीसेक वर्षं हेच मत चाललं : सोळाव्या-सतराव्या वर्षी होऊ शकतो, आठव्या वर्षी जवळजवळ नाहीच.

नव्वदच्या दशकातलं वळण

1995 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जॅनेट वोझनियॅक आणि जोसेफ बीडरमन यांनी वेगळीच मांडणी केली. मानसोपचारांसाठी त्यांच्याकडे येणाऱ्या लहान मुलांपैकी 16 टक्के मुलं मेनियाच्याही निकषांत बसतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. या मुलांमध्ये आनंदाचं उधाण फारसं नव्हतं. होता तो प्रचंड संताप, आणि तोही येऊनजाऊन नव्हे तर जवळजवळ कायमचा. मुलांमधला मेनिया असाच दिसतो, मोठ्यांचे निकष त्यांना जसेच्या तसे लावले तर आजार नजरेतून सुटतो, असं या गटाचं म्हणणं. मागचा हेतू समजण्यासारखा होता. घरात भांडी फुटत होती, शाळा मुलांना काढून टाकत होत्या आणि कोणीच नाव न दिलेल्या दुखण्याने कुटुंबं मोडत होती.

सेंट लुईसच्या बार्बरा गेलर यांनी अधिक काटेकोर अट घातली. नुसती चिडचिड चालणार नाही, आनंदाचं उधाण किंवा मोठेपणाच्या कल्पना दिसल्याच पाहिजेत, असं त्या म्हणत. मात्र एका दिवसात अनेकदा चढ-उतार होऊ शकतात, हे त्यांनाही मान्य होतं. अमेरिकी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या एलन लायबेनलुफ्त यांनी 2003 मध्ये ठरावीक काळाचे, स्पष्ट सुरुवात-शेवट असलेले झटके येणारी मुलं आणि कायम चिडलेली मुलं असे दोन गट वेगळे केले. मग दोन्ही गटांचा पाठपुरावा झाला. सुमारे अडीच वर्षांत कायम चिडलेल्या 84 मुलांपैकी एकालाच मेनिया किंवा हायपोमेनियाचा झटका आला. बायपोलर गटात हे प्रमाण 60 टक्क्यांवर गेलं. कायम चिडणाऱ्या मुलांना पुढे मोठेपणी त्रास होतो तो बहुधा नैराश्याचा आणि चिंतेचा, हेही इतर अभ्यासांतून दिसत गेलं. मला या साऱ्या वादात हा पुरावा सर्वांत वजनदार वाटतो.

तोवर निदानांची संख्या मात्र कुठल्या कुठे गेली होती. अमेरिकेत वीस वर्षांखालच्या मुलांच्या बायपोलरच्या बाह्यरुग्ण भेटी 1994-95 ते 2002-03 या काळात सुमारे चाळीस पटींनी वाढल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. 2008 मध्ये सिनेटच्या चौकशीतून बीडरमन यांनी औषध कंपन्यांकडून मिळालेल्या मानधनाची पुरेशी माहिती दिली नसल्याचं पुढे आलं. त्यामुळे त्यांचं शास्त्रीय म्हणणं आपोआप खोटं ठरत नाही. पण वाचकांचा विश्वास डळमळला तो यानंतरच. 2013 मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने कायम चिडणाऱ्या मुलांसाठी डीएमडीडी हे वेगळं निदान आणलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 ने ते स्वीकारलं नाही. तिथे ही चिडचिड विरोधी-बंडखोर वर्तनाच्या निदानाला जोडलेली आहे. म्हणजे एकाच मुलाला दोन पुस्तिकांनुसार दोन नावं मिळू शकतात.

ब्रिटनमधले तज्ज्ञ पहिल्यापासून सावध. वीस वर्षांखालच्या मुलांना बायपोलर असं निदान देऊन रुग्णालयातून घरी पाठवण्याचं प्रमाण अमेरिकेत इंग्लंडच्या सत्तर पटींहून अधिक असल्याचं 2000 ते 2010 च्या आकड्यांच्या तुलनेत दिसलं. यावरून अमेरिकेत निदान सरसकट वाटलं जातं असा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्याला एरिक यंगस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं उत्तर लक्षात घेण्याजोगं आहे. त्यांनी रुग्णालयांऐवजी समाजातल्या मुलांची पाहणी करणारे निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले. 2011 च्या त्या आढाव्यात प्रमाण सरासरी 1.8 टक्के आलं, आणि अमेरिका व इतर देश यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे मुलं सगळीकडे सारखीच आहेत, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या. अमेरिकेत जास्त निदान आणि इतरत्र कमी निदान या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भारतातलं चित्र

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये शोभा श्रीनाथ आणि सहकाऱ्यांनी सोळा वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या 30 मुलांचा चार-पाच वर्षं पाठपुरावा केला आणि 1998 मध्ये तो प्रसिद्ध केला. पहिल्या झटक्यातून सगळी मुलं बरी झाली. त्यांतल्या 20 जणांना पुन्हा झटका आला, बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत. आजार कायम रेंगाळत राहिला असं एकही मूल नव्हतं.

याच्या शेजारी पिट्सबर्गच्या बोरिस बिरमाहर यांनी चालवलेला 'कोबी' हा मोठा अभ्यास ठेवला की कोडं पडतं. तिथेही पहिल्या झटक्यातून अडीच वर्षांत 80 टक्क्यांवर मुलं सावरली आणि पुढच्या दीड वर्षात 60 टक्क्यांवर मुलांना आजार उलटला. पण पाठपुराव्याच्या सुमारे 60 टक्के काळात त्यांना काही ना काही लक्षणं होतीच. आपल्याकडे झटके स्पष्ट आणि मधला काळ स्वच्छ, तिकडे मधला काळही ढगाळ. असं का? एक शक्यता अशी की, आपल्याकडे मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ती ठसठशीत मेनिया झालेलीच मुलं, बाकीची घरात 'तापट' किंवा 'आळशी' म्हणून राहून जातात. दुसरी अशी की, अमेरिकी अभ्यासांनी जाळं फार रुंद टाकलं. दोन्ही शक्यता खुल्या आहेत. म्हणून अमेरिकेतला अतिनिदानाचा वाद इंटरनेटवर वाचून आपल्या मुलाचं निदान खोडून काढण्याची घाई करू नये असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडची अडचण बहुधा उलट दिशेची आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर आजार असलेल्या प्रौढांपैकी सुमारे 70 टक्के लोक उपचारांवाचून असल्याचं दिसलं होतं. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

औषधांचा प्रश्न

लिथियमचा मेनियावरचा परिणाम ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडला, डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी 1954 मध्ये तो रीतसर तपासला. प्रौढांमध्ये झटके रोखणारं आणि आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून त्याचं स्थान आजही पक्कं आहे. मुलांबाबत मात्र 2012 च्या 'टीम' चाचणीने खळबळ उडवली. मेनियातल्या मुलांपैकी रिस्पेरिडोनने 68 टक्क्यांना गुण आला, लिथियमने 36 टक्क्यांना, व्हॅल्प्रोएटने 24 टक्क्यांना. त्यावरून काहींनी अँटिसायकोटिक औषधं आधी द्यावीत असं म्हटलं. दुसऱ्या गटाने दोन आक्षेप घेतले. त्या चाचणीतली मुलं लहान होती, अनेकांना अतिचंचलता म्हणजे एडीएचडी होती आणि दिवसातून अनेकदा मूड बदलणाऱ्यांना मेनिया म्हटलेलं होतं. ठरावीक झटके येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला ते निष्कर्ष कितपत लागू पडतात? शिवाय आठ आठवड्यांत कोण लवकर शांत होतं हा एक प्रश्न आणि दहा वर्षांत कोण टिकून राहतं हा दुसरा. रिस्पेरिडोनने वजन आणि प्रोलॅक्टिन वाढतं. वर्गात चिडवली जाणारी पंधरा वर्षांची मुलगी औषध बंद करते ती बहुधा याच कारणाने.

व्हॅल्प्रोएटबद्दल मतभेद कमी होत चालले आहेत. गर्भावर होणारे गंभीर परिणाम आणि पीसीओएसशी असलेला संबंध यांमुळे वयात आलेल्या मुलींना ते शक्यतो देऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ब्रिटनने 2018 पासून त्यावर कडक बंधनं घातली. आपल्याकडे ते मुलींना आजही लिहून दिलेलं आढळतं. पालकांनी डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. नैराश्याची नुसती गोळी, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, दिली तर मेनिया उसळू शकतो, हेही बहुमताने मान्य आहे.

लिथियम घरात येतं तेव्हा त्याच्याबरोबर काही कामं येतात. रक्ताची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरावीक काळाने. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, म्हणून जुलाब-उलट्या, मे महिन्यातलं क्रिकेट, निर्जळी उपवास किंवा रोजा यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. पाळीत पोट दुखतं म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी दिली, तरी पातळी चढू शकते. हात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं दिसलं, तर तो दिवस थांबायचा नसतो. इतकं सगळं सांभाळणारं घर हवं म्हणून काही डॉक्टर किशोरांना लिथियम द्यायला कचरतात. दुसरे म्हणतात की पालकांना अर्धा तास नीट समजावलं तर बहुतेक घरं हे जमवतात. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे.

औषध किती वर्षं, यावर किशोरांपुरता ठोस पुरावा नाही. पहिल्या झटक्यानंतर दीड-दोन वर्षं स्थिर गेली तर हळूहळू कमी करून पाहावं, असं काहींचं मत. आजार कमी वयात सुरू झाला म्हणजेच तो लांब चालणार, तेव्हा थांबवू नये, असं इतरांचं. अचानक बंद करू नये यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

पालक : आरोपी की साथीदार

1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाचा उगम आईच्या वागण्यात शोधला आणि 1956 मध्ये ग्रेगरी बेटसन यांच्या गटाने घरातल्या परस्परविरोधी संदेशांत. या कल्पना मुळात स्किझोफ्रेनियाविषयीच्या, पण 'आईने बिघडवलं' हा शिक्का सगळ्याच मानसिक आजारांवर बसला. जुळ्यांच्या अभ्यासांनी तो पुसला. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा 60 ते 85 टक्के सांगितला जातो. तरीही आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक किंवा त्याहून कमी असते. सासरच्यांनी 'तुमच्याकडून आलं' म्हणण्याआधी हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत.

दुसरीकडे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना दिसलं होतं की, रुग्णालयातून बरे होऊन गेलेल्यांपैकी काही विशिष्ट घरांत परतलेल्यांचा आजार लवकर उलटतो. सतत टीका, राग आणि अतिगुंतवणूक ही त्या घरांची खूण. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी हेच बायपोलरमध्ये तपासलं आणि कुटुंबाला सोबत घेणारी उपचारपद्धती उभी केली. आजाराची माहिती, बोलण्याच्या सवयी आणि अडचण सोडवण्याचा सराव असे तिचे तीन भाग. नऊ महिन्यांत एकवीस बैठका. किशोरांवरच्या 2008 च्या चाचणीत नैराश्यातून सावरायला तिने मदत केली. 2014 च्या मोठ्या चाचणीत मात्र तीन बैठकांच्या माहितीवर्गापेक्षा ती सावरण्याच्या वेगात सरस ठरली नाही. मेनियाची तीव्रता दुसऱ्या वर्षी कमी राहिली एवढंच. 2020 मध्ये, आजाराचा धोका असलेल्या पण पूर्ण आजार न जडलेल्या मुलांमध्ये, तिने पुढचा झटका लांबवला : सरासरी 63 ऐवजी 81 आठवडे. समर्थक म्हणतात, औषधाखेरीज इतका तपासलेला दुसरा आधार नाही. शंका घेणारे म्हणतात, तीन बैठकांतही बरंच साधत असेल तर एकवीस बैठकांचा आग्रह गरीब देशांना परवडणारा नाही. आपल्यासाठी ही शंका निराशाजनक मुळीच नाही. तीन बैठका जिल्हा रुग्णालयातही घेता येतील.

या साऱ्या संशोधनावर एक मूलभूत आक्षेप आहे. पालकांच्या टीकेमुळे मूल बिघडतं की बिघडलेल्या मुलामुळे पालक टीका करू लागतात? आज बहुतेक अभ्यासक दोन्ही दिशा मान्य करतात. पण बोलताना पहिलीवरच भर राहतो आणि आईवरचा जुना आरोप मागच्या दाराने परत येतो. आपल्यापुरता आणखी एक मुद्दा. चंदीगडच्या कुटुंबांमध्ये 1980 च्या दशकात हीच मोजपट्टी लावली, तेव्हा टीका आणि राग लंडनच्या घरांपेक्षा बरेच कमी आढळले. अतिगुंतवणूक मोजताना तर अडचण अधिकच. सोळा वर्षांच्या आजारी मुलाच्या खोलीत आई रात्री झोपायला गेली, तर लंडनच्या फूटपट्टीवर ते जास्तच. सोलापूर-सांगलीच्या घरात त्यात वावगं काही नाही. किशोरवयीन मुलांच्या मराठी घरांसाठी ही फूटपट्टी कुणी नव्याने आखून घ्यायला हवी.

घरातले रोजचे पेच

तज्ज्ञांचं सर्वांत जास्त एकमत झोपेबाबत आहे. उठण्या-झोपण्याच्या, जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवल्याने मूड स्थिर राहतो, या तत्त्वावर एलन फ्रँक यांनी प्रौढांसाठी उपचारपद्धती बसवली आणि पुढे ती किशोरांसाठी जुळवून घेण्यात आली. पण आपल्याकडे दहावी-बारावीचं सारं वेळापत्रकच जागरणावर बेतलेलं आहे. पहाटेचा क्लास, दिवसा कॉलेज, रात्री टेस्ट सिरीज. त्यातच गणपतीतले देखावे आणि नवरात्रातल्या दांडियाच्या रात्री. काही डॉक्टर यावर पूर्ण बंदी सांगतात. काही म्हणतात, मूल मित्रांपासून तुटलं तर नैराश्य ओढवून घेतल्यासारखं होईल, त्यापेक्षा दोन रात्री साडेदहाला घरी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी उठायचं, असं ठरवून घ्यावं. मधला मार्ग बहुतेक घरांत टिकतो.

शिस्तीचा पेच याहून अवघड. 'आजार आहे, त्याला बोलू नका' असं एक टोक आणि 'नाटकं आहेत, दोन ठेवून द्या' असं दुसरं. एकत्र कुटुंबात दोन्ही टोकं एकाच पंगतीला बसलेली असतात. वर्तनोपचाराची परंपरा स्पष्ट नियम आणि त्यांचे ठरलेले परिणाम यांवर भर देते. अमेरिकेतल्या रॉस ग्रीन यांची मांडणी अशी की, मुलाला जमत असतं तर त्याने नीट वागूनच दाखवलं असतं, म्हणून शिक्षेऐवजी अडचण त्याच्याबरोबर बसून सोडवावी. झटक्याच्या काळात आणि स्थिर काळात वेगवेगळं वागणं भाग आहे, हे दोघांनाही मान्य करावं लागतं. मेनियात वाद घालून काही मिळत नाही. तेव्हा आवाज खाली, वाक्यं छोटी आणि डॉक्टरांना फोन. मोबाइलवरचं यूपीआय, दुचाकीची किल्ली, घरातलं एटीएम कार्ड यांचं काय करायचं, हे स्थिर काळात मुलासमोर बसून लिहून ठेवावं. त्याने सही केलेला नियम झटक्यातही थोडाफार चालतो. लादलेला चालत नाही.

मूडची नोंदवही हे या उपचाराचं साधंसुधं साधन. साध्या दोनशे पानी वहीत रोज एक ओळ : झोपेचे तास, शक्ती उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत, गोळी घेतली का, आणि काही विशेष. तीन महिन्यांनी डॉक्टर ती वही पाहतात, तेव्हा 'हल्ली फार चिडतो' या वाक्याऐवजी त्यांना दिसतं की दर वेळी झोप पाच तासांखाली गेल्यावर तिसऱ्या दिवशी शक्ती चढली आहे. वाद इतकाच की ती कोणी लिहायची. आईने लिहिली तर मुलाला पाळत वाटते. मुलाने लिहिली तर मेनियात पानं कोरी राहतात. काही घरांत दोघं स्वतंत्र आकडा लिहितात, आणि दोन आकड्यांतलं अंतर हीच डॉक्टरांसाठी सर्वांत मोलाची माहिती ठरते.

खुशीतला मुलगा आणि मेनियातला मुलगा यांत घर गोंधळतं, ही एक शोकांतिकाच. मुलगी स्पर्धेत जिंकून नाचत आली, की आई दचकून विचारते, 'गोळी घेतलीस ना?' बरी झालेली अनेक मुलं मोठेपणी याचंच दुःख सांगतात. कोणताही आनंद संशयावाचून मिळेनासा होतो. धाकट्या भावंडांकडे तर संशोधनाने आणि घरांनी, दोघांनीही, फार कमी लक्ष दिलं आहे.

जिवाच्या धोक्याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. मरणाचं बोलणं निघालं की ते थेट, शांतपणे विचारावं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. औषधांचा साठा कुलपात ठेवावा, रोजची गोळी मोठ्यांनी हातात द्यावी, मुलाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची 14416 ही टेलिमानस हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते.

सेवा, शाळा, कायदा

'देवराई' आणि 'कासव' या चित्रपटांनी, तसंच मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या 'आयपीएच' आणि पुण्याच्या 'सा' या संस्थांनी मराठी घरात मानसिक आजाराविषयी बोलणं सोपं केलं. आजारी माणसाला शुभार्थी आणि काळजीवाहकाला शुभंकर म्हणणारे स्वमदत गट याच वातावरणात वाढले. त्यांत येणारे बहुतेक शुभंकर प्रौढ रुग्णांचे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईला तिथे माया मिळते, पण तिचे प्रश्न शाळेचे आणि परीक्षेचे असतात. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे, गोव्यात बांबोळी. किशोरांसाठी खास तज्ज्ञ आणि स्वतंत्र वॉर्ड मोठ्या शहरांपलीकडे जवळजवळ नाहीत. त्यामुळे अनेक घरं आधी देवऋषीकडे जातात. श्रद्धेचा आधार घेऊन औषधही चालू ठेवणाऱ्यांशी डॉक्टरांनी भांडू नये असं अनुभवी मंडळी सांगतात. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं मात्र महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. प्रमाणपत्र घ्यावं की नाही, यावर पालकांत दोन तट. घेतलं तर हक्क मिळतात. पण कागदावर एकदा लागलेलं नाव नोकरी-लग्नात आडवं येईल ही भीती खोटी म्हणता येत नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करताना पालक त्याच्या वतीने अर्ज करतात, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि सोबत घरचं माणूस राहतं. शॉक ट्रीटमेंट मुलांना पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय देता येत नाही. काही मानसोपचारतज्ज्ञांना या अटीने जीव वाचवणाऱ्या उपचाराला उशीर होतो असं वाटतं. हक्कांसाठी काम करणाऱ्यांना ही बंधनंही अपुरी वाटतात.

जे अजून ठरायचं आहे

आजार पूर्ण उमटण्याआधी ओळखता येईल का, हा आज संशोधनाचा मुख्य विषय. कॅनडाच्या अ‍ॅन डफी यांनी बायपोलर पालकांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांना आधी चिंता आणि झोपेचे त्रास, मग नैराश्य, आणि मेनिया बऱ्याच उशिरा, असा क्रम दिसला. पण चिंता आणि झोपेचे त्रास हजारो मुलांना असतात आणि त्यांपैकी फार थोड्यांना बायपोलर होतो. धोका आहे म्हणून निरोगी मुलाला औषध देणं बहुतेकांना अमान्य आहे. कुटुंबासोबतचं काम आणि झोपेची शिस्त, ज्यांनी नुकसान काही नाही, ती मात्र सुचवली जातात. वाढत्या मेंदूवर आणि मूत्रपिंडावर वीस-वीस वर्षं घेतलेल्या औषधांचा परिणाम काय, याचं उत्तर देणारे दीर्घ अभ्यास कमी आहेत. मराठीभाषक किशोर आणि त्यांच्या घरांचा असा पाठपुरावा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अठराव्या वाढदिवसाचा प्रश्नही तसाच लोंबकळतो. त्या दिवशी कायद्याने संमती, गोपनीयता आणि उपचार नाकारण्याचा हक्क मुलाकडे जातो. काल रक्ताचा अहवाल आईच्या हातात देणारे डॉक्टर आज मुलाला विचारल्याशिवाय बोलू शकत नाहीत. हे योग्यच आहे असं मुलांची बाजू घेणारे सांगतात; झटक्यात मुलाला स्वतःचा आजारच कळत नाही, मग आम्ही काय करायचं, हा पालकांचा सवालही खराच. 2017 च्याच कायद्यातल्या आगाऊ निर्देशाच्या, म्हणजे कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या, तरतुदीत यावर एक वाट आहे. अल्पवयीन मुलाच्या वतीने तो पालक करू शकतात, सज्ञान झाल्यावर मूल स्वतः. म्हणून सतराव्या वर्षी, मूल स्थिर असताना, डॉक्टरांसमोर तिघांनी बसून त्याचा मसुदा करावा असं काहीजण सुचवतात. कोणतं औषध चालेल, कोणतं नको, दाखल करायची वेळ आली तर कुठे, आणि अशा वेळी डॉक्टरांनी आधी कोणाला फोन करायचा : आईला, मावशीला, की एखाद्या मित्राला.